पदराच्या गाठीतला इतिहास

इतिहास म्हटला की किल्ले आणि लढाया आठवतात. पण आपल्या परभणीच्या बायकांच्या हाती तो रोज येतो, भाजीवाल्याने परत दिलेल्या सुट्ट्या पैशांतून. ही दृष्टी मला आजेसासूबाईंच्या डबीने दिली.

त्या गेल्यावर कणगीमागे एक पत्र्याची डबी सापडली. आत चारमिनारचा एक चांदीचा रुपया आणि मूठभर आणे-पै. चारमिनारच्या दारात एक अक्षर होते. उर्दू जाणणाऱ्या शेजारच्या आजोबांनी सांगितले, हे ‘ऐन’, निजाम उस्मान अलींच्या नावाचे पहिले अक्षर. हाच तो हाली शिक्का. निजामाच्या राज्यात हेच नाणे चाले. इंग्रजी रुपयाला लोक कलदार म्हणत. सहा कलदार रुपयांना सात हाली मोजावे लागत. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले. १९५० नंतर काही वर्षे दोन्ही नाणी चालली, मग हाली बंद झाले. १ एप्रिल १९५७ पासून आणे जाऊन नवे पैसे आले.

मग हे आणे त्यांनी बदलून का घेतले नाहीत? सासूबाई म्हणाल्या, “बदलायचे तर घरात सांगावे लागले असते.” दूध-दाण्यातून गुपचूप वाचवलेले ते पैसे बोलता न आल्यामुळे तसेच राहिले.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारांच्या नोटा बंद झाल्या, तेव्हा ती डबी मला आठवली. तांदळाच्या डब्यातल्या नोटा मी यजमानांपुढे ठेवल्या. ते काही बोलले नाहीत. चोरी केली नव्हती, तरी माझी मान खाली गेली.

तेव्हापासून मी सुटे पैसे पाहूनच खर्चते. मला डॉ. आंबेडकरांचा १९९० चा रुपया मिळाला, ज्ञानेश्वर माउलींचा १९९९ चाही मिळाला. २०११ साली चलनातून गेलेले पंचवीस पैसेही मी ठेवले आहेत. सालाखाली चांदणी असली तर नाणे हैदराबादच्या टांकसाळीचे, चौकटीच्या आकाराचा ठिपका असला तर मुंबईचे, गोल ठिपका असला तर नोएडाचे आणि काहीच खूण नसली तर कोलकात्याचे. निजामाची टांकसाळही हैदराबादेतच होती, ती पुढे भारत सरकारकडे आली. म्हणजे चारमिनार गेला, तरी त्या गावचे नाणे आजही आपल्या पदराला बांधलेले आहे.

या छंदाला खर्च नाही. वेगळे नाणे दिसले तर बाजूला ठेवा. घरात म्हातारी माणसे असतील तर हालीची हकीकत आजच विचारून घ्या. आणि आपल्या शिलकीविषयी घरात मोकळेपणाने बोला. नाणे बंद पडले तर इलाज नाही, पण आपले तोंड बंद राहिल्याने कोणाची पुंजी वाया जाऊ नये.