क्यूआर कोड: कारखान्यातून शिवारापर्यंत

क्यूआर कोडचा जन्म जाहिरातीसाठी झाला नाही. मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी जपानच्या डेन्सो कंपनीतील मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये तो तयार केला. त्यात सात हजारांवर अंक मावतात आणि तीस टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. कंपनीने पेटंटचा हक्क बजावला नाही, म्हणून तो जगभर फुकट पसरला.

२०१० च्या सुमारास जाहिरातदारांनी तो उचलला. तरुणांच्या हाती स्मार्टफोन आहे, तेव्हा ते स्कॅन करणारच, असा त्यांचा हिशेब होता. तो फसला. कोड वाचायला बहुधा वेगळे ॲप घ्यावे लागे आणि एवढा खटाटोप करून उघडे ते कंपनीचे संकेतस्थळ! आयफोनचा कॅमेरा स्वतःहून कोड वाचू लागला तो २०१७ मध्ये.

महाराष्ट्रातल्या अनेक मुलांना हा चौकोन जाहिरातीआधी पाठ्यपुस्तकात भेटला. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी धड्यांना कोड जोडले. त्यातून कविता ऐकता येई, व्हिडिओ पाहता येई. पुढे बालभारतीने ही पद्धत स्वीकारली. डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला.

महाराष्ट्रातल्याच नंदुरबार जिल्ह्याचा या कहाणीशी संबंध आधारमुळे येतो. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी इथल्या टेंभली गावात दिले गेले. २०१८ मध्ये आधारवर डिजिटल सहीचा क्यूआर कोड आला.

स्कॅनची खरी सवय मात्र पैशांनी लावली. २०१६ मध्ये यूपीआय आले, त्याच वर्षी नोटाबंदी झाली. २०१७ मध्ये गुगलच्या ‘तेज’ ॲपने पैसे पाठवणाऱ्याला स्क्रॅच कार्ड दिले. पाच-दहा रुपयांचे का होईना, बक्षीस लगेच दिसे. पोस्टरवरच्या कोडने तरुणांना असे काही दिले नव्हते.

याच नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरी गावाच्या परिसरात कोडचा आणखी एक उपयोग शेतीचा आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘साथी’ व्यवस्थेत बियाण्याच्या पिशवीवरील कोडवरून ते कुठून आले, हे तपासता येते. बोगस बियाण्याचा फटका पूर्ण हंगामाला बसतो. त्यामुळे घरातल्या तरुणाला हा कोड स्कॅन करायला बक्षिसाचे आमिष लागत नाही.