भूक, वासना आणि आठवड्याची सुई

आजाऱ्याला भेटायला आलेली शेजारीण हटकून विचारते, अन्नावर वासना आहे ना? भूक लागते का, असे ती विचारत नाही. मराठीने या दोन गोष्टी पूर्वीपासून वेगळ्या ठेवल्या आहेत. तापातून उठलेल्याच्या पोटात भूक असते, पण वासना नसते. उलट पंगतीत पोट भरल्यावरही वासना शिल्लक असते आणि जिलबीचा आग्रह तिलाच उद्देशून चाललेला असतो. याखेरीज तोंड चाळवते, जीभ खवळते, एखाद्या दुपारी नुसती खा-खा सुटते. भांडण झाले की एकजण ताटावरून उठून जातो आणि दुसरा रात्री सगळे झोपल्यावर फराळाचा डबा उघडतो.

या डबा उघडणाऱ्याबद्दल मानसशास्त्रात गेली सत्तरएक वर्षे लिहिले जात आहे. त्याच्या खाण्याला भावनिक खाणे म्हणतात. अलीकडे त्याच माणसाला आठवड्यातून एकदा टोचायची एक सुई मिळू लागली आहे. या दोन विषयांवरचे लेखन वेगवेगळ्या कपाटांत राहिले, एक मानसशास्त्राच्या आणि दुसरे औषधशास्त्राच्या. पुढच्या प्रकरणांत ते शेजारी शेजारी ठेवून वाचायचे आहे. त्यासाठी वाचक डॉक्टर असण्याची गरज नाही, जेवणारा असला की पुरे.

सुरुवात हिल्डे ब्रूख यांच्यापासून करावी. जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या या मानसोपचारतज्ज्ञ बाईंचा खाण्याच्या विकारांवरचा मोठा ग्रंथ १९७३ सालचा. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की भूक ओळखणेसुद्धा शिकावे लागते. मूल रडते, कधी भुकेने, कधी भीतीने, कधी नुसते कंटाळून. प्रत्येक वेळी त्याच्या तोंडात खाऊच गेला, तर मोठेपणी त्याला पोटातली पोकळी आणि मनातली पोकळी यांतला फरक कळेनासा होतो. चिऊ-काऊचे घास भरवणाऱ्या आणि पडलेल्या मुलाच्या हातात बिस्किट देणाऱ्या आपल्या घरांना हे पटकन पटेल. फार पटकन पटेल, म्हणूनच जपून वाचावे. या सिद्धान्तात दोष शेवटी आईच्या पदरात पडतो, आणि त्या काळच्या मानसोपचाराला ती सवयच होती.

या ग्रंथाच्या आधीच, १९६८च्या सुमारास, मानसशास्त्रज्ञ स्टॅनली शॅक्टर आले होते. त्यांनी घड्याळे मुद्दाम पुढेमागे चालवून पाहिले की माणसे पोटावर खातात की काट्यावर. स्थूल माणसे बाहेरच्या खुणांना अधिक बळी पडतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे ज्युडिथ रोडिन यांनी दाखवले की असे बळी सडपातळांतही भरपूर असतात. वडा तळल्याचा वास कुणाचे वजन विचारून येत नाही.

माझ्या मते या शाखेतला सगळ्यात चतुर प्रयोग १९७५ सालचा, पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांचा. चवीची परीक्षा आहे असे सांगून त्यांनी महाविद्यालयीन तरुणींना बोलावले. काहींना आधी मिल्कशेक दिला, काहींना नाही. मग सर्वांपुढे आइस्क्रीम ठेवले, चव पाहा, हवे तेवढे खा. ज्या मुली एरवी खाण्यावर बंधने घालत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले. त्यात नवल नाही. पण ज्या सदा मोजूनमापून खाणाऱ्या होत्या, त्यांनी मिल्कशेक पोटात गेल्यावर आइस्क्रीम जास्त खाल्ले. नेम मोडलाच आहे, तर आता कशाला हात आखडता घ्या! हर्मन आणि जॅनेट पोलिव्ही यांनी यावर पुढे मोठा सिद्धान्त उभा केला. आपल्याकडे त्याला ‘एकादशी, दुप्पट खाशी’ म्हणतात. म्हण विनोदी आहे, पण तिच्यात कार्यकारणभाव शाबूत आहे, कारण दुप्पट खाणे एकादशीमुळेच होते.

काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद घरोघरी रंगला. दीक्षित म्हणतात तसे दिवसातून दोनदाच जेवावे की दिवेकर म्हणतात तसे थोडे थोडे पुष्कळदा, यावर नात्यागोत्यांत तट पडले. दोन्ही बाजूंना अनुयायी मिळाले आणि फायदा झाल्याचे सांगणारेही मिळाले. वादाचा विषय मात्र ‘किती वेळा’ हाच राहिला. रात्रीच्या डब्याकडे फारसे कुणी वळले नाही.

मानसशास्त्रातल्या या सगळ्या अभ्यासाला मोजपट्टी मिळाली १९८६ साली. तात्याना व्हान स्ट्रीन आणि सहकाऱ्यांनी ३३ प्रश्नांची डच प्रश्नावली तयार केली. तिच्यात खाणे तीन वाटांनी मोजले जाते : आवरून खाणे, बाहेरच्या मोहाने खाणे, भावनेच्या भरात खाणे. ही विभागणी लक्षात ठेवा, ती पुन्हा लागणार आहे. एक सावधगिरीही ठेवा. आपण दुःखात जास्त खातो असे प्रश्नावलीत सांगणारी माणसे प्रयोगशाळेत उदास केली, तर खरोखर जास्त खातातच असे नाही. पुष्कळांची भूक तर ताणाने मरते. माणूस स्वतःच्या खाण्याविषयी जे सांगतो, त्यात त्याने स्वतःबद्दल रचलेली गोष्टही मिसळलेली असते.

आता दुसरे कपाट. वजन उतरवणाऱ्या औषधांचा इतिहास बराचसा पश्चात्तापाचा आहे. १९३०च्या दशकात डायनायट्रोफेनॉलने शरीराची भट्टी पेटवली आणि लोकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आणले. १९९७ साली फेनफ्लुरामिन हृदयाच्या झडपांपायी मागे घ्यावे लागले. आपल्या विषयाला सर्वांत जवळचे प्रकरण रिमोनाबँटचे. मेंदूतल्या ज्या ग्राहींवर गांजाचा अंमल चालतो, तेच हे औषध बंद करी. खाण्यातली गोडी कमी होई, वजनही उतरे. युरोपात ते २००६ साली आले, भारतातही विकले गेले, आणि २००८ मध्ये युरोपातून मागे घेतले गेले, कारण घेणाऱ्यांत नैराश्य आणि आत्महत्येचे विचार वाढलेले दिसले. जेवणातली गोडी काढताना बाकीची गोडीही निघून गेली असावी. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने या प्रकरणावर थांबावे.

सध्याची सुई वेगळ्या वाटेने आली. जेवण आतड्यात उतरले की तिथून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक सुटते. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, जठर रिकामे व्हायचा वेग मंदावते आणि मेंदूला ‘पुरे’ असे कळवते. अडचण एवढीच की रक्तात ते दोनेक मिनिटांतच मोडते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील माजी सैनिकांच्या रुग्णालयात संशोधन करणाऱ्या जॉन एंग यांना हीला मॉन्स्टर या वाळवंटी सरड्याच्या विषात त्याच्यासारखाच, पण टिकाऊ रेणू सापडला. ही १९९२च्या सुमाराची गोष्ट. त्यावर आधारलेले मधुमेहाचे औषध २००५ साली मान्य झाले. पुढे आलेल्या सेमाग्लुटाइडचा अंमल आठवडाभर टिकतो. १,९६१ जणांवरच्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरले, नुसते पाणी टोचलेल्या गटात २.४ टक्के. त्यानंतर आलेल्या टिर्झेपॅटाइड या तशाच औषधाचे आकडे याहून मोठे आहेत. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ हे नेहमीचे त्रास, आणि काहींना पित्ताशयाचे. सेमाग्लुटाइडच्या त्या चाचणीतील काहीजणांना सुई थांबवल्यावर वर्षभर तपासले, तेव्हा उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलेले होते.

हे आकडे वाचताना मला जो धक्का बसला, तो किलोंचा नव्हता. अपेक्षा अशी होती की औषध भूक काढील आणि वासना मागे ठेवील. पण घेणारी माणसे वेगळेच सांगू लागली. डोक्यात दिवसभर चाललेली खाण्याची भुणभुण थांबली, म्हणाली. नाश्ता करताना जेवणाचा विचार, जेवताना संध्याकाळच्या चहाबरोबर काय याचा विचार, ते सगळे बंद. इंग्रजीत याला ‘फूड नॉइज’ हे नाव पडले आहे. ज्याला आपण जिभेचे चोचले म्हणत होतो, हावरटपणा म्हणत होतो, त्यातला मोठा भाग आठवड्याला काही मिलिग्रॅम औषधाने निवत असेल, तर वासनेलाही शरीर आहे हे मान्य करावे लागते. आणि तिच्यावरून माणसाला सुनावलेले सगळे शब्द परत घ्यावे लागतात.

सगळी वासना मात्र निवत नाही. जपानमध्ये मधुमेहासाठी जीएलपी-१च्या गटातील औषध सुरू केलेल्या ९२ जणांना वर्षभर तीच डच प्रश्नावली देण्यात आली. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बाहेरच्या मोहाने खाणे वर्षभर घटतच गेले. भावनेच्या भरात खाणे पहिल्या तीन महिन्यांत घटले आणि वर्षाअखेर जवळजवळ पूर्वपदावर आले. अभ्यास लहान आहे, तुलनेला दुसरा गट नाही, त्यावर इमारत बांधू नये. तरी समुपदेशनाच्या खोलीत मला जे ऐकू येते, त्याच्याशी तो जुळतो. सुई घेणाऱ्या एक बाई म्हणाल्या, ‘‘आता संध्याकाळी सातनंतर काय करायचं, तेच कळत नाही.’’ पूर्वी त्या वेळी त्या खात असत. भूक गेली होती, सात वाजायचे थांबले नव्हते.

मराठीत राग गिळतात, अपमान गिळतात, आवंढा गिळतात, आणि काही चुकले की मन खाते. आपल्या भाषेत भावना घशातूनच ये-जा करतात. डच प्रश्नावली मराठीत आणणाऱ्याला म्हणूनच नुसता ‘खाण्याची इच्छा’ हा शब्द पुरणार नाही. ती इच्छा भूक, वासना, चटक की खा-खा, हे त्याला प्रत्येक प्रश्नात ठरवावे लागेल.

महाराष्ट्राशी या विषयाचा आणखी एक धागा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन यडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा, २२.३. शरीरातील चरबी यडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. बारीक दिसणाऱ्या भारतीय देहात चरबी लपलेली असते, हे त्या एका चित्राने जगाला दाखवले. अशा लपलेल्या चरबीमुळेच भारतीयांसाठी स्थूलतेची बीएमआयची रेषा ३०ऐवजी २५वर ओढली गेली. म्हणजे सुईचा विचार आपल्याकडे पाश्चात्त्यांहून कमी वजनावर सुरू होऊ शकतो. टिर्झेपॅटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आले, वजनासाठीचे सेमाग्लुटाइड त्याच वर्षी जूनमध्ये, आणि सेमाग्लुटाइडच्या इथल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ची. स्वस्त सुई गावोगाव पोचेल. ती लिहून देताना ‘रात्री डबा उघडता का?’ हे विचारायला पाच मिनिटे काढणारे दवाखाने किती असतील, याविषयी मी फार आशावादी नाही.

पुढील प्रकरणे क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही. विद्यार्थ्यांनी प्रयोगांपासून सुरुवात करावी. ज्यांच्या घरात सुई आली आहे त्यांनी औषधांचे प्रकरण आधी वाचावे, पण ते वाचून मात्रा बदलू नये किंवा सुई बंद करू नये, त्यासाठी डॉक्टरांशीच बोलावे. आणि एक विनंती. कोल्हापुरात, वऱ्हाडात, कोकणात, मालवणी किंवा अहिराणी बोलणाऱ्या घरांत, भूक नसताना खाण्याला जे जे शब्द वापरले जातात, ते ऐकू आले तर कुणी आणि कोणत्या प्रसंगी म्हटले त्यासह टिपून ठेवा आणि मला कळवा. दुसऱ्या आवृत्तीसाठी ते हवे आहेत.