बक्षीसपत्रावर भाष्य: नेपल्स २०२७ आणि अमेरिका कपचा मूळ कागद

उपोद्घात

अमेरिका कप या शिडाच्या नौकांच्या स्पर्धेचे ३८ वे पर्व २०२७ मध्ये इटलीतील नेपल्सच्या उपसागरात व्हायचे आहे. अंतिम सामना १० जुलैपासून सुरू होईल. चषक राखणारा क्लब रॉयल न्यूझीलंड यॉट स्क्वाड्रन, आणि आव्हान देणारा पहिला क्लब इंग्लंडचा रॉयल यॉट स्क्वाड्रन. दोघांनी मिळून केलेली नियमावली, म्हणजे प्रोटोकॉल, ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झाली. चर्चा तिचीच होते. पण तिला मूळ ग्रंथाचा मान देता येत नाही. ती एका जुन्या कागदाच्या आधाराने उभी आहे. तो कागद म्हणजे २४ ऑक्टोबर १८८७ चे बक्षीसपत्र.

२२ ऑगस्ट १८५१ रोजी ‘अमेरिका’ नावाच्या स्कूनरने आइल ऑफ वाइट बेटाला वळसा घालणारी शर्यत जिंकली आणि रॉयल यॉट स्क्वाड्रनने ठेवलेला चषक न्यूयॉर्कला नेला. चषकाला नाव मिळाले ते नौकेचे, देशाचे नव्हे. १८५७ मध्ये नौकेच्या मालकांनी तो न्यूयॉर्क यॉट क्लबला अटी घालून दिला. त्या अटी १८८२ मध्ये आणि पुन्हा १८८७ मध्ये नव्याने लिहिल्या गेल्या. शेवटचा मसुदा जॉर्ज स्कायलर यांचा. मूळ मालकांपैकी तेवढेच तेव्हा हयात होते. न्यूयॉर्क राज्याच्या कायद्याने हा एक न्यास ठरतो. म्हणून भांडण स्पेनच्या किनाऱ्यावर होवो वा न्यूझीलंडच्या क्लबात, निकाल न्यूयॉर्कच्या न्यायालयात लागतो.

पुढे प्रत्येक वाक्याचा आशय आधी दिला आहे, शब्दशः अनुवाद नव्हे. क्रमही सोयीसाठी थोडा बदलला आहे. या भाष्याचा सिद्धान्त आधीच सांगतो: पत्रातले कडक नियम क्वचितच खेळले जातात. त्यांचे खरे काम दोन क्लबांना सहमतीच्या टेबलाशी बसवणे हे आहे.

१. चषक परदेशांमधील मैत्रीपूर्ण स्पर्धेसाठी कायमचा आव्हान-चषक म्हणून जपावा.

‘कायमचा’ म्हणजे तो कितीही वेळा जिंकला तरी कोणाच्या कपाटात कायमचा जात नाही. ‘आव्हान’ हा शब्द अधिक महत्त्वाचा. ऑलिम्पिकसारखे ठरलेले वर्ष इथे नाही आणि वर बसलेला महासंघही नाही. कोणी आव्हान दिले तर स्पर्धा, नाही तर चषक पडून.

‘मैत्रीपूर्ण’वर शंका अशी: हा शब्द बंधनकारक आहे की नुसती सदिच्छा? १९८८ मध्ये ही शंका न्यायालयात गेली. न्यूझीलंडच्या मर्क्युरी बे बोटिंग क्लबने ९० फूट जलरेषेची (पाण्याच्या पातळीवर मोजलेल्या लांबीची) अजस्र एकडोली नौका घेऊन आव्हान दिले. चषकधारक सॅन डिएगो यॉट क्लबने उत्तरादाखल हलकी, दोन हलांची (तळसांगाड्यांची) कॅटामरान उतरवली आणि २–० असा सहज विजय मिळवला. पूर्वपक्ष असा होता की, इतक्या विजोड नौकांची गाठ घालणे ही मैत्री नव्हे आणि सामनाही नव्हे. खालच्या न्यायालयाने तो मान्य करून चषक न्यूझीलंडला दिला. वरच्या न्यायालयाने निकाल फिरवला आणि १९९० मध्ये राज्याच्या सर्वोच्च पातळीवर, कोर्ट ऑफ अपील्समध्ये, सॅन डिएगोची बाजू कायम राहिली. कारण साधे होते: पत्रात हलांच्या संख्येबद्दल एक अक्षर नाही. खिलाडूपणा मोजणे हे न्यायालयाने खेळातल्या लोकांवर सोडले.

२. परदेशातील कोणताही रीतसर स्थापन झालेला यॉट क्लब, ज्याची वार्षिक शर्यत समुद्रात किंवा समुद्राच्या फाट्यात होते, आव्हान देऊ शकतो.

यातली समुद्राची अट मागून आली. १८८१ मध्ये कॅनडाच्या बे ऑफ क्विंटी यॉट क्लबची ‘अटालांटा’ ऑन्टारियो सरोवरातून कालव्यांतून ओढत न्यूयॉर्कला आणली गेली. ती सपाटून हरली. पण गोड्या पाण्यातले क्लब असेच येऊ लागले तर काय, ही धास्ती १८८२ च्या पत्रात उतरली.

वार्षिक शर्यतीची अट मात्र सव्वाशे वर्षांनी पेटली. २००७ मध्ये जिनिव्हाच्या सोसिएते नॉटिक क्लबने व्हॅलेन्सियात चषक राखला आणि क्लब नॉटिको एस्पान्योल दे वेला या नव्या स्पॅनिश क्लबचे आव्हान स्वीकारले. हा क्लब त्याच वर्षी स्थापन झालेला. एकही वार्षिक शर्यत त्याने भरवली नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट यॉट क्लबने हरकत घेतली. प्रतिपक्षाचे म्हणणे, पत्र शर्यत असावी म्हणते, आधी झालेली असावी असे म्हणत नाही. पुढे भरवली तरी चालेल. एप्रिल २००९ मध्ये कोर्ट ऑफ अपील्सने हे नाकारले: आव्हान देताना निदान एक शर्यत झालेली हवी.

हा व्याकरणाचा खेळ वाटेल. पण पोटात मोठा प्रश्न आहे. आव्हान देणारा क्लब चषकधारकाच्या मर्जीतला असेल, तर सहमती ही आपल्याच आरशाशी केलेली सहमती होते. त्या स्पॅनिश क्लबने मान्य केलेला प्रोटोकॉल धारकाच्या बाजूला झुकलेला होता, हीच इतर संघांची तक्रार होती. सच्च्या क्लबाची अट ही म्हणून सच्च्या प्रतिस्पर्ध्याची अट ठरते. आठव्या वाक्याचा अर्थ हिच्यावर अवलंबून आहे.

३. नौका केवळ शिडांनी चालणारी आणि आपल्या क्लबाच्या देशात बांधलेली असावी.

शिडांचा नियम वाचायला सोपा, पाळायला अवघड. नौकेला पुढे नेणारे बळ वाऱ्याचेच हवे, यात वाद नाही. पण शिडे ओढायला, फॉइल (नौकेला पाण्यावर उचलणारे पंख) खालीवर करायला जी ताकद लागते, ती कोणाची? २०१० च्या सामन्यात जिनिव्हाचा क्लब आणि आव्हान देणारा गोल्डन गेट यांच्या दोन्ही प्रचंड बहुहली नौकांवर या कामासाठी इंजिने होती. २०१७ मध्ये न्यूझीलंडच्या संघाने खलाशांना सायकलीच्या पेडलवर बसवले आणि हातांऐवजी पायांनी तेलाचा दाब तयार केला. २०२७ साठी ते सायकलवाले गेले. त्यांच्या जागी बॅटरी आली. पत्राशी हे विसंगत नाही, कारण बॅटरी नौका ढकलत नाही, शिडे आणि फॉइल हलवते. तरीही मनुष्यबळ स्पर्धेतून कमी झाले हे खरेच.

देशात बांधण्याची अट हलाच्या बांधणीपुरती आकसली आहे. त्याहून लक्षणीय आहे ते मौन: खलाशांच्या राष्ट्रीयत्वाबद्दल पत्र काहीच बोलत नाही. राष्ट्रांची स्पर्धा म्हणायची आणि माणूस कुठला हे विचारायचेच नाही, ही उणीव प्रत्येक प्रोटोकॉलने आपापल्या परीने भरली. कधी आवळून, कधी सैल सोडून.

४. एका डोलकाठीची नौका जलरेषेवर ४४ ते ९० फूट, अधिक डोलकाठ्यांची ८० ते ११५ फूट; आव्हानासोबत मोजमापे द्यावीत आणि ती ओलांडू नयेत.

मोजमापांच्या हट्टामागे ताजी जखम होती. १८८७ च्या सामन्यासाठी स्कॉटलंडहून आलेल्या ‘थिसल’ची जलरेषा कळवलेल्या ८५ फुटांपेक्षा जवळपास दीड फूट जास्त भरली. निवाडा स्कायलर यांच्याकडेच आला. त्यांनी लबाडी नव्हती असे मानून नौकेला उतरू दिले, आणि काही आठवड्यांतच नवे पत्र लिहिले.

खालची मर्यादा तेव्हा ६५ फूट होती. दुसऱ्या महायुद्धानंतर एवढ्या मोठ्या नौका कोणाला परवडेनात. १९५६ मध्ये न्यायालयाच्या परवानगीने ती ४४ वर आली आणि १९५८ पासून १२-मीटर वर्गाच्या नौका धावू लागल्या. रुंदीला मात्र कमाल मर्यादा नाही. गोल्डन गेटने २००७ च्या आव्हानात ९० फूट लांब आणि ९० फूट रुंद नौका लिहून दिली. बहुहली नौका येणार हे त्या एका आकड्यावरून जाणकारांनी ओळखले. नेपल्समधल्या एसी७५ वर्गाच्या नौकांचा हल सुमारे ६८ फुटांचा, म्हणजे मर्यादेत. धावताना तो पाण्याला शिवतही नाही, ही गोष्ट वेगळी.

५. दहा महिन्यांची लेखी सूचना द्यावी. उत्तर गोलार्धात १ नोव्हेंबर ते १ मे या काळात शर्यत नको.

दहा महिने म्हणजे प्रतिस्पर्ध्याला नौका बांधायला दिलेला वेळ. ऋतूचा नियम न्यूयॉर्कचा हिवाळा पाहून लिहिला गेला. ऑस्ट्रेलियाने १९८३ मध्ये चषक नेल्यावर तो तिथल्या उन्हाळ्याशी जुळेना. १९८५ मध्ये न्यायालयाने दक्षिण गोलार्धासाठी उलटे महिने घातले. उष्ण कटिबंधाचा विचार तेव्हाही झाला नाही. कोकण किनाऱ्याला हे गणित लावून पाहा: परवानगीच्या सहा महिन्यांतले चार पावसाचे, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवण्याचे. नारळी पौर्णिमेनंतर सुरू होणारा आपला चांगला हंगाम बहुतेक निषिद्ध काळात पडतो.

याच कलमाने २००९ मध्ये जिनिव्हाच्या क्लबाचा फेब्रुवारीतला सामना संयुक्त अरब अमिरातीतल्या रास अल-खैमात भरवण्याचा बेत हाणून पाडला: तिथला फेब्रुवारी आल्हाददायक असला तरी गोलार्ध उत्तरच. सामना अखेर व्हॅलेन्सियात झाला, कारण त्या स्थळाला न्यायालयाच्या आधीच्या आदेशाचा आधार होता. नेपल्सच्या जुलैला ही अडचण नाही.

६. आव्हानाची नौका स्वतः शिडांवर समुद्र ओलांडून स्पर्धेच्या बंदरात यावी.

हे वाक्य आता पत्रात नाही. १९५६ मध्ये ते काढले. तरी भाष्यात त्याची दखल हवी. अटलांटिक पार करायचा तर नौका मजबूत, म्हणून जड. घरी बसलेल्या धारकाला मात्र हलकी नौका चाले. सर थॉमस लिप्टन यांनी १८९९ ते १९३० या काळात पाच ‘शॅमरॉक’ आणल्या आणि पाचही हरल्या. त्या पराभवांत या कलमाचाही वाटा होता.

७. सहमती न झाल्यास तीन शर्यती: पहिली वाऱ्याच्या तोंडावर २० सागरी मैल आणि परत, दुसरी ३९ मैलांचा समभुज त्रिकोण, गरज पडल्यास तिसरी पहिलीसारखी.

प्रत्येक शर्यत सात तासांत संपावी, वेळेची सूट नाही. शिवाय धारकाने आपली नौका शर्यतीच्या सुरुवातीपर्यंत जाहीर केली नाही तरी चालेल. यातला बराचसा भाग आव्हानकर्त्याला प्रतिकूल आहे. १९८८ आणि २०१० या दोन वेळी दोघांचे काहीच जुळले नाही, तेव्हा स्पर्धा या कोरड्या नियमांवर आली आणि दोन्हीदा २–० अशी आटोपली. चाहत्यांना शर्यती दोन मिळाल्या, खटले कित्येक वर्षांचे.

८. दोन्ही क्लब परस्पर सहमतीने तारखा, मार्ग, शर्यतींची संख्या, नियम आणि इतर सर्व अटी ठरवू शकतात.

हे पत्राचे हृदय. १८८७ च्या कायदेशीर भाषेत ‘इतर सर्व अटी’ एवढी मोकळीक क्वचित सापडते. नेपल्सचा सबंध प्रोटोकॉल या वाक्यातून निघतो: पाच जणांचा चमू आणि त्यात किमान एक स्त्री, बॅटरी, मागच्या स्पर्धेतले हल पुन्हा वापरणे, संघामागे ७ कोटी ५० लाख युरोंची खर्चमर्यादा. न्यूझीलंडच्या क्लबाचा सामना २०२४ मध्ये बार्सिलोनात आणि आता नेपल्समध्ये होतो, तोही इथल्या मोकळिकीमुळे.

शंका: सगळेच बदलता येत असेल, तर बाकीची वाक्ये कशाला? उत्तर: ती नसती तर सहमतीला किंमत नसती. धारक अडून बसला तर आव्हानकर्ता नव्वद फुटांची नौका घेऊन येऊ शकतो. आव्हानकर्ता अडला तर धारक नौका लपवून ठेवू शकतो. सातव्या वाक्याचे भय दोघांनाही आहे. म्हणून तडजोड होते, आणि ‘मैत्रीपूर्ण’ या पहिल्या वाक्यातल्या शब्दाला बळ मिळते ते इथून. न्यायालयाने त्याला शिक्षेचे कलम मानले नाही, हे योग्यच झाले.

९. एक आव्हान स्वीकारल्यावर त्याचा निकाल लागेपर्यंत दुसऱ्याचा विचार नाही.

त्यामुळे विजयी नौका रेषा ओलांडते त्याच क्षणी ठरलेला क्लब लिफाफा पुढे करतो. बार्सिलोनात ऑक्टोबर २०२४ मध्ये असेच झाले. बाकीचे संघ त्या पहिल्या आव्हानकर्त्याच्या छत्राखाली येतात आणि आपसांत शर्यती करून अंतिम सामन्याचा प्रतिस्पर्धी निवडतात. ही निवडचाचणीदेखील पत्रात नाही; ती १९७० मध्ये सुरू झाली.

१०. चषक क्लबाच्या मालकीचा, विजयी नौकेच्या मालकाचा नव्हे.

नौकेवर अब्जावधी ओतणारा धनिक, जाहिरातदार, सरकार यांपैकी कोणीही पत्रात पक्षकार नाही. नेपल्सच्या निमित्ताने या वाक्याची खरी परीक्षा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये संघांनी अमेरिका कप पार्टनरशिप नावाची भागीदारी उभारली. दर दोन वर्षांनी स्पर्धा आणि सामायिक कारभार हा तिचा हेतू. प्रायोजकांना आणि खलाशांना त्यातून स्थैर्य मिळेल, हे नाकारता येत नाही. पण पत्र सहमतीचा अधिकार देते तो दोन क्लबांना, एकेका सामन्यापुरता. भागीदारीचे वेळापत्रक त्यामुळे दर विजयानंतर नव्या धारकाच्या मान्यतेवर उभे राहील. तो क्लब उद्या म्हणाला की आम्हाला १८८७ पुरे आहे, तर निर्णय देणारी जागा नेपल्स नसेल. ती पुन्हा न्यूयॉर्कची कोर्टखोली असेल.