रिकामा डबा परत द्यायचा नसतो

दिवाळीची सुट्टी लागली त्या संध्याकाळी थोरलीने दप्तर कोपऱ्यात भिरकावलं आणि बूट काढता काढता विचारलं, "बाबा, माती कधी आणायची?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. फक्त उत्तर तयार नव्हतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, त्याच वर्षी जूनमध्ये गेले. घरातलं माणूस गेलं की वर्षाच्या आत सण करायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. गणपतीत ते निभावलं, कारण शाळा होती, परीक्षा होत्या. पण दिवाळीला मुलं तीन आठवडे घरात. थोरली आठ वर्षांची, धाकटा चार. आणि आमच्याकडे किल्ला हे खातं पूर्णपणे अण्णांचं. गोणपाट चिखलात बुडवायचं ते त्यांनी, विटा रचायच्या त्या त्यांनी, अळीव पेरून झारीने पाणी शिंपायचं तेही त्यांनी. मुलांचं काम मावळे मांडायचं, आणि माझं काम शेवटी गॅलरी धुवायचं.

मी आईकडे पाहिलं. आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कंदील नको, तोरण नको, कढई चढवायची नाही. पण पोरांनी मातीत खेळू नये असं कुठे लिहिलंय? किल्ला म्हणजे काही सण नव्हे."

मंडळी, मी यावर बराच विचार केला आणि आईचं म्हणणं मला बिनतोड वाटलं. लक्ष्मीपूजनाला मुहूर्त असतो, पाडव्याला ओवाळणी असते, अभ्यंगस्नानाला पहाटेची वेळ असते. किल्ल्याला यातलं काहीच नाही. भटजी नाहीत, नैवेद्य नाही, सोवळं तर नाहीच नाही (आमच्या गॅलरीची अवस्था पाहिलेल्यांना पटेल!). अख्ख्या दिवाळीत पोरांच्या मालकीची अशी ही एकच जागा. तेव्हा ठरलं, किल्ला करायचा, बाकी काही नाही.

"फुलबाज्या पण नाही?" थोरलीने विचारलं. आणि मग लगेच, "शिवाजी महाराजांकडे होत्या का फुलबाज्या?"

आता इतिहासाची थोडीफार आवड असलेल्या बापाला असा प्रश्न विचारणं म्हणजे आपणहून संकट ओढवून घेणं. पण तिने विचारलं, आणि मला त्या दिवसांत काहीतरी काम हवंच होतं. अण्णांच्या कपाटात पुस्तकं होती. त्यांच्या चष्म्याचं घरही अजून तिथेच होतं. ते बाजूला सरकवून मी वाचायला बसलो.

दिवाळीच्या इतिहासाबद्दल काही विचारायचं तर पहिल्यांदा जावं लागतं ते परशुराम कृष्ण गोडे यांच्याकडे. हे गृहस्थ १९१९ पासून पुण्याच्या भांडारकर संस्थेत क्युरेटर होते, आणि १९६१ साली वारले. हयातभर त्यांनी काय केलं, तर आपण ज्या गोष्टी गृहीत धरतो त्या कधीपासून आहेत ते पोथ्यांतून शोधून काढलं. दिवाळीच्या इतिहासावर त्यांचा १९४५ चा लेख आहे आणि भारतातल्या दारूकामावर १९५३ ची पुस्तिका. दिवाळी जुनीच. ज्ञानेश्वरीत, म्हणजे १२९० साली, तो शब्द अगदी घरातल्यासारखा येतो. पण ती दिवाळी दिव्यांची. आवाजाची नव्हे. दारूकाम आपल्याकडे रुळलं ते १४०० नंतर. ओरिसाचा राजा गजपती प्रतापरुद्रदेव (१४९७ ते १५३९) याच्या नावावर 'कौतुकचिंतामणी' नावाचा संस्कृत ग्रंथ आहे, त्यात दारूकामाच्या कृती दिल्या आहेत. सोरा, गंधक, कोळसा, लोखंडाचा कीस, बांबूच्या नळ्या. वाचताना अनारशांची कृती वाचतोय असंच वाटतं. पण हे सगळं राजेरजवाड्यांचं. सामान्य माणसाने करायचं ते एवढंच, की लांब उभं राहून बघायचं.

यातला एक प्रसंग मी मुलांना रात्री सांगितला, कारण तो आमच्या गॅलरीतून दिसतो. म्हणजे प्रसंग नाही, पर्वती दिसते. महादजी शिंदे १७९२ साली उत्तरेतून पुण्याला आले आणि १७९४ मध्ये वानवडीला वारेपर्यंत इथेच होते. पेशवे तेव्हा सवाई माधवराव, वय अठरा-एकोणीस. पेशव्यांच्या बखरीत आहे, की महादजींनी त्यांना कोट्याच्या दिवाळीचं वर्णन ऐकवलं. तिथे चार दिवस लाखो दिवे लावतात आणि गावाबाहेर दारूची लंका उभारतात. मधोमध रावण, भोवती राक्षस आणि वानर, सगळे दारूचे. आणि एक मोठा मारुती. मारुतीच्या शेपटीला बत्ती दिली की तो उडतो आणि लंकेतली एकेक घरं पेटवत जातो! पोरगंच ते, पेशवा झाला म्हणून काय झालं, म्हणालं आम्हालाही बघायचंय. पाटीलबाबांनी पंधरा दिवसांत सगळी तयारी केली, आणि एका काळोख्या रात्री पर्वतीच्या पायथ्याशी लंका जळाली. पेशवे आणि सरदार बघायला हजर होते, आणि पुणेकर पर्वतीवर चढून बसले होते. (फुकटात चांगली जागा पटकवण्याची पुणेकरांची परंपरा दोनशे वर्षांहून जुनी आहे, एवढं यावरून सिद्ध होतं.)

धाकट्याला यातलं मारुती तेवढं कळलं. दुसऱ्या दिवसापासून तो कमरेला टॉवेल खोचून घरभर लंका जाळत हिंडू लागला. सोफा तीनदा जळला. आजीची खोलीही जळली, आणि बऱ्याच दिवसांनी तिथून हसण्याचा आवाज आला.

थोरलीचा प्रश्न मात्र पुढचा होता. "मग पुढे त्या पेशव्यांचं काय झालं?"

ऑक्टोबर १७९५ मध्ये शनिवारवाड्यात वरून पडून ते गेले. वय एकवीस. कोजागिरीच्या सुमारास, म्हणजे दिवाळी पंधरा दिवसांवर आलेली. हे मी सांगितलं खरं, आणि सांगताना वाटलं, सांगायला नको होतं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे त्या वर्षी त्यांच्याकडेपण कंदील नसेल." आणि थोड्या वेळाने, "किल्ला केला असेल का?"

मी म्हटलं, "अगं, त्यांचा वाडाच किल्ला होता." हे तिला पटलं.

फुलबाज्यांचा प्रश्न त्यानंतर निघाला नाही. नाहीतर तिला हेही सांगणार होतो की गल्लीबोळात मिळणारी शिवकाशीची फुलबाजी काही फार प्राचीन नाही. अय्या नाडर आणि षण्मुग नाडर हे दोघं १९२३ साली कलकत्त्याला जाऊन आगपेट्या करायला शिकून आले. मग शिवकाशीत आगपेटीचा धंदा वाढला आणि १९४० नंतर त्याच्या जोडीला फटाक्यांचे कारखाने. अण्णांचा जन्म १९४४ चा. म्हणजे ही फुलबाजी साधारण अण्णांच्याच वयाची! आणि तरी आमच्या सोसायटीत कुणी फटाके नकोत म्हटलं की हजारो वर्षांची परंपरा बाहेर निघते. असो. तो वाद इथे नको.

माती आणायला मी आणि मुलं गेलो. सोसायटीच्या बागेतली माती घ्यायला वॉचमन दरवर्षी हरकत घेतो आणि अण्णा दरवर्षी त्याला चहा पाजतात, हा करार मला माहीतच नव्हता. या वेळी तो काही बोलला नाही. स्वतःच फावडं घेऊन आला आणि दोन घमेली भरून दिली. किल्ला माझ्या हातून कसा झाला ते विचारू नका. अण्णांच्या किल्ल्याला कडे असायचे, माझ्या किल्ल्याला उतार होते. एक बुरूज दुसऱ्या दिवशी बसला. मग थोरलीने जाहीर केलं, की तो पडका बुरूज हिरकणीचा. कोजागिरीला रायगडाचे दरवाजे बंद झाले, खाली घरात तान्हं मूल, म्हणून रात्री कडा उतरून गेलेली गवळण. आख्यायिका आहे, पण आठ वर्षांच्या मुलीला दुसऱ्या कशाशी कर्तव्य नसतं. किल्ल्याच्या चित्रांत हिरकणी विकत मिळत नाही, पण डोक्यावर हंडा घेतलेली गवळण नेहमीच मिळते. तिलाच कड्यावर उलटी टेकवून ठेवली. पायथ्याशी काड्यापेटीचं घर, आणि त्यात बाळ म्हणून एक हरभरा.

फराळाचं म्हणाल तर, त्या वर्षी आमच्याकडे जितका फराळ होता तितका कधीच नव्हता. ज्या घरात कढई चढत नाही तिथे बाकीच्यांनी नेऊन द्यायचा, ही त्याच रीतीची दुसरी बाजू. वसुबारसेपर्यंत अकरा डबे आले. पाच प्रकारचे चिवडे. (चिवड्यातली मिरची आणि शेंगदाणे दोन्ही अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या मार्गाने इकडे आले, हे मी जेवताना सांगितलं. बायको म्हणाली, आता जेवू द्या.) डबे टेबलावर रचून धाकट्याने त्यांचा दुसरा किल्ला केला.

ते डबे बघत आई एकदम म्हणाली, "त्र्याहत्तरच्या दिवाळीत असे डबे असते तर..."

तेव्हा आई-अण्णा गिरगावात चाळीत राहायचे. ताई दीड वर्षाची. १९७२ च्या दुष्काळाचं ते सगळं सावट. रेशनवर लाल मिलो मिळायची, तिच्या भाकऱ्यांबद्दल आई अजूनही चांगलं बोलत नाही. साखरेची पद्धत अशी होती, की १९६७ पासून कारखान्यांनी उत्पादनाचा मोठा हिस्सा ठरलेल्या भावाने सरकारला द्यायचा, ती लेव्हीची साखर रेशनकार्डावर माणशी मोजून मिळायची, आणि उरलेली खुल्या बाजारात चढ्या भावाने. १९७८ च्या ऑगस्टमध्ये सरकारने साखर पूर्ण मोकळी केली, आणि १९७९ च्या डिसेंबरात पुन्हा बांधली. लेव्ही कायमची गेली ती थेट २०१३ साली. रॉकेलही कार्डावर. डालडा आला म्हटलं की रांग. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी १९७२ मध्ये बायकांची महागाईविरोधी आघाडी उभी केली, थाळ्या आणि लाटणी घेऊन बायका रस्त्यावर उतरल्या. आई एका मोर्चाला ताईला कडेवर घेऊन गेली होती.

"लाटणं घेऊन?" थोरलीने विचारलं.

"हो. आणि घरी येऊन त्याच लाटण्याने पोळ्या केल्या. दुसरं होतं कुठे?"

त्या दिवाळीला मजल्यावरच्या चार बिऱ्हाडांनी मिळून फराळ केला. चार कार्डांची साखर एका पातेल्यात, रॉकेल एका स्टोव्हमध्ये. लाडू एकीकडे, शंकरपाळे एकीकडे, तेही निम्मे गुळाचे. आणि मजल्याच्या टोकाला एक घर होतं, तिथली बाई त्या उन्हाळ्यात गेली होती. मागे नवरा आणि दोन लहान मुलं. त्यांच्या डब्यातले लाडू आधी काढले, मग बाकीच्यांचे. त्यांच्याही कार्डाची साखर होती ना, म्हणून. आई हे सांगताना त्यात काही विशेष आहे असं तिला वाटत नव्हतं. तिला आठवत होतं ते वेगळंच. त्या गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी डबा परत आणला, तो स्वच्छ घासलेला, आणि आत तळाशी चिमूटभर साखर.

"रिकामा डबा परत द्यायचा नसतो," आई मुलांना म्हणाली. "तेवढी साखर त्याला कुठून मिळाली, कुणास ठाऊक. मी ती वेगळी ठेवली होती. वापरवेना."

भाऊबीज झाल्यावर आमच्याकडचे अकरा डबे घासून, पुसून टेबलावर मांडले. घरात फराळ केलेला नव्हता, तेव्हा परत काय घालायचं हा प्रश्नच नव्हता. थोरलीने साखरेचा डबा काढला आणि मूठ मूठ भरून घालायला सुरुवात केली. बायको म्हणाली, अगं चमचाभर पुरे, रीत म्हणून घालायची असते.

"घालू दे गं तिला," आई म्हणाली, आणि दुसरी पिशवी फोडायला कात्री शोधू लागली.