विडीवालीचा फंड

आपल्या जिल्ह्याचा इतिहास म्हटला की पवनीचे स्तूप आणि अंबागडचा किल्ला आठवतो. मी आज सूपभर तेंदूपत्त्याचा इतिहास सांगणार आहे.

१९५२ साली भविष्य निर्वाह निधीचा कायदा झाला. आरंभी तो सहा उद्योगांपुरता होता: कापड, पोलाद, सिमेंट, अभियांत्रिकी, कागद आणि सिगारेट. वर्गणी रुपयास एक आणा, मालकाचीही तेवढीच. सिगारेट होती, विडी नव्हती! सिगारेट कारखान्यात होई, विडी ओसरीवर. मालक म्हणे, माझा व्यवहार सट्टेदाराशी. बाया माझ्या नोकर नव्हेत. १९५८ साली चिंतामणराव खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही सागरच्या सट्टेदारांना व त्यांच्या माणसांना कारखाना कायद्याखालील कामगार मानले नाही. सागर दूरचे वाटेल, पण १९५६ पर्यंत ते आणि भंडारा एकाच मध्य प्रदेशात होते.

पुढे १९६६ चा विडी-सिगार कामगार कायदा आला. १९७७ साली फंड विडीला लागू झाला आणि मालक न्यायालयात गेले. १९८५ साली पी. एम. पटेल खटल्यात निकाल लागला की घरी विडी वळणारी बाईही कामगारच. मालक वाईट विडी छाटून परत करतो, हीच त्याची देखरेख!

खाते मिळाले, पण ते कारखान्याच्या नावाला बांधलेले. सट्टेदार बदलला की नवे खाते. जुने नव्यात वळवण्याची सोय योजनेत होती. मात्र अर्जावर मालकाची सही लागे. त्यापेक्षा नोकरी सुटल्याचे दाखवून सारे पैसे उचलणे लोकांना सोपे वाटे. गोम अशी की आजार, घर वा लग्नासाठी फंडातून रक्कम मिळे. तिला दंड नाही, परतफेड नाही. पण लग्नासाठी सात वर्षांचे सभासदत्व हवे, आणि मिळायचा तो स्वतःच्या वाट्याचा अर्धा. सारे उचलले की मोजणी पुन्हा एकपासून. पगारदार मंडळींनाही हे ठाऊक असावे: १९६१ च्या आयकर कायद्याने पाच वर्षे सलग नोकरी होण्याआधी काढलेल्या फंडावर कर बसवला, पण खाते वळवले तर मागची नोकरीही त्यात धरली.

१९९८ साली साकोलीकडची एक बाई युनियनमध्ये आली. मुलीचे लग्न ठरलेले. तीन सट्टेदारांकडची तीन खाती, पाच, चार आणि तीन वर्षांची. सात एकातही नाहीत. “भाऊ, पैसा माहा, अन् काढाले दुसऱ्याची सही काहून लागते?” या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. जुनी दोन खाती मोडून टाक, असे तिला सगळ्यांनी सांगितले होते. आम्ही मोडू दिली नाहीत. १९९५ च्या पेन्शन योजनेला दहा वर्षे लागत, तीही बुडाली असती. एका मालकाने सहीसाठी सात खेपा घालायला लावल्या. लग्न माघातून वैशाखात गेले. व्याही रुसले, त्यांची समजूत मीच काढली. पैसे हाती आले ते हळदीच्या आदल्या दिवशी.

२०१४ साली एका माणसाला एकच क्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली. तेव्हा ती बाई पेन्शन घेत होती. तिच्या कागदावर बारा वर्षे एकत्र लिहिलेली होती.