वही कोणासमोर उघडावी?

सार्वजनिक कारभारातील भ्रष्टाचाराचा विषय निघाला म्हणजे माणसांच्या नीतीविषयी बोलण्याची आपल्याकडे वहिवाट आहे. पूर्वीचे लोक सचोटीचे होते, आताचे लोभी झाले, असा सुस्कारा टाकला की चर्चा आटोपते. गोमंतकाच्या इतिहासाची पाने चाळू लागलो असता आम्हांस मात्र काही निराळेच दिसते. लोभ सर्व काळी होता. काळाकाळात आणि ठिकाणाठिकाणात जो फरक पडला, तो हिशेबाची वही कोणासमोर उघडली जात होती यामुळे पडला. ज्यांचा पैसा त्यांच्याच देखत ती उघडली तेथे अपहाराला हात आखडावा लागला; जेथे ती दूरच्या मालकासमोर, तीही सवडीने उघडली, तेथे लोभाला रान मोकळे मिळाले. पेडणे आणि डिचोली या दोन महालांनी हे दोन्ही प्रकार अनुभवले आहेत.

प्रथम जुन्या गावकरीकडे पाहू. पोर्तुगीजांनी १५१० साली तिसवाडी घेतली, तेव्हा गावोगाव ही संस्था नांदत होती. खजिन्याचा अधिकारी आफोन्सु मेशीय याने १५२६ साली तिचे रीतिरिवाज ४९ कलमांत लिहून काढले. तोच सुप्रसिद्ध फोराल. शेते पावणीने द्यावीत, खाजनाचे बांध व मानशी दुरुस्त ठेवाव्यात, देवालयाचा आणि गावच्या सेवकांचा खर्च भागवावा, सरकारचा वसूल भरावा आणि उरेल ते गावकारांनी वाटून घ्यावे, असा हा व्यवहार होता. तूट आली तर तीही गावकारांच्याच माथी बसे. मर्म येथे आहे. बांधावरचा खर्च कुणी फुगवून लिहिला तर त्याचा फटका समोर बसलेल्यांनाच बसणार होता. म्हणून गावाचा कुलकर्णी काय लिहितो याकडे सर्वांचे लक्ष असे. सभेत ठरलेली गोष्ट लिहून ठेवण्याचा दंडक होता. बांध खरोखर बांधला की नाही हे पाहण्यास कोणा निरीक्षकाची गरज नव्हती. पहिल्या पावसाळ्यात खारे पाणी शेतात शिरले की नाही, यावरून ते आपोआप कळे.

या संस्थेचे आम्ही आंधळे गुणगान करीत नाही. सभेत बसण्याचा अधिकार ठरावीक वांगडांच्या पुरुषांनाच होता. स्त्रिया, कुळे आणि ज्यांच्या घामावर ती शेते पिकत ते कष्टकरी यांना त्या वहीत डोकावण्याचा हक्क नव्हता. वही उघडी होती, पण वर्तुळ लहान होते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा पुन्हा विचार करावयाचा आहे.

आता त्याच काळातील राजधानीचा कारभार पाहा. दियोगु दु कोऊतु हा इतिहासकार १५५९ साली हिंदुस्थानात आला आणि १६१६ साली गोव्यातच वारला. गोव्याचे सरकारी दफ्तर त्याच्या हाती होते. त्याने 'सोल्दादु प्रातिकु' या नावाचा एक संवाद लिहिला. हिंदुस्थानात आयुष्य घालविलेला एक जुना सैनिक, एक माजी गव्हर्नर आणि लिस्बनचा एक अधिकारी असे तिघे त्यात बोलतात, आणि सैनिकांचे पगार, किल्ल्यांची व्यवस्था व न्यायदान यांत पैसा कोठे कोठे मुरतो याचा पाढाच त्यातून वाचला जातो. हे लेखन कोऊतुच्या हयातीत छापले गेले नाही. ते लिस्बनच्या विज्ञान अकादमीने १७९० साली प्रथम प्रसिद्ध केले. आजार ज्याने आतून पाहिला त्याचे निदान लोकांच्या हाती पडण्यास पावणेदोनशे वर्षे लागली, हेच त्या कारभाराचे पुरेसे वर्णन नव्हे काय?

रोगाचे मूळ अधिकारपदांच्या वाटपात होते. किल्ल्यांची व जकातनाक्यांची पदे बहुधा तीन वर्षांच्या मुदतीने बक्षीस म्हणून दिली जात, आणि पुढचे इच्छुक रांगेत उभे असत. १६१४-१५ च्या सुमारास राजाने ही पदे सरसहा विकावयास काढली. ज्याने पद विकत घेतले तो घातलेले भांडवल व्याजासह वसूल करणार, हे सांगावयास ज्योतिषी नको. अधिकाऱ्याची मुदत संपल्यावर त्याच्या कृत्यांची चौकशी करण्याची 'रेझिदेंसिया' नावाची रीत होती. पण चौकशी मागाहून व्हावयाची, ती अधिकाऱ्यांनीच अधिकाऱ्यांची करावयाची, आणि अखेरचा निकाल सातासमुद्रांपलीकडे लागावयाचा. ज्या रयतेच्या खिशातून पैसा गेला ती या चित्रात कोठेच नव्हती.

पेडणे व डिचोली या कारभाराखाली बऱ्याच उशिरा आल्या. हे महाल वाडीकर सावंत भोसल्यांच्या अंमलात होते. १७८१ पासून पोर्तुगीजांनी डिचोली व सत्तरी हाताखाली घेतल्या. १७८८ साली खेम सावंतांनी कोल्हापूरकरांविरुद्ध मदत मिळविण्यासाठी पेडणे देऊन टाकले. राज्यांच्या सौद्यात महालच्या महाल हातोहात बदलले. रयतेस कोणी विचारले नाही. या नव्या काबिजादीत धर्म व रूढी यांत हात न घालण्याचे धोरण सरकारने ठेवले, आणि जुन्या काबिजादींतील देवालयांवर जो प्रसंग सोळाव्या शतकात ओढवला तो येथे टळला. दिवाडीहून हलविलेल्या सप्तकोटेश्वराचे डिचोली महालातील नार्वे येथील देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ साली बांधविले व तसा लेख दारावर कोरविला. तेही सुखरूप राहिले. मात्र महसुलाच्या बाबतीत वतनदार देसाई, राणे व सरकार यांची ओढाताण चालूच राहिली. जमिनीच्या हक्कांना व करांना हात लागताच सत्तरीत दीपाजी राणे यांनी १८५२ साली उठाव केला. १८९५ साली मराठी पलटणीने मोझांबिकला जाण्याचे नाकारले, आणि राणेही पुन्हा उठले. जाब मागण्याचा सनदशीर मार्ग जेथे नसतो तेथे तो शस्त्राने मागितला जातो, इतकेच यावरून म्हणावयाचे.

देवस्थानांच्या कारभाराची कथा आमच्या वाचकांस अधिक जवळची आहे. देवालयाच्या महाजनांच्या संस्थेला पोर्तुगीज कायद्यात 'माझानिया' असे नाव मिळाले आणि ३० ऑक्टोबर १८८६ रोजी तिचे नियम जारी झाले. त्यांच्या जागी १९३३ साली नवा कायदा आला. महाजनांची नोंदवही असावी, ठरावीक मुदतीने समिती निवडावी, दरवर्षी अंदाजपत्रक व जमाखर्च तयार करून सरकारी प्रशासकाकडून मंजूर करून घ्यावा, असा त्याचा आशय. मुक्तीनंतर प्रशासकाचे हे काम मामलेदाराकडे आले आणि कायदा चालू राहिला.

परकी सरकारचा देवाच्या तिजोरीवरचा हा डोळा अनेकांस खुपला असेल, आणि ते स्वाभाविक होते. तथापि त्यातून एक गोष्ट साधली. देवाच्या नारळी-कुळागरांचे उत्पन्न म्हणजे कोणा एका घराण्याची मिरास नसून त्याचा लेखी जाब द्यावा लागतो, हे तत्त्व कायद्यात बसले. उणीव राहिली ती ही, की मामलेदाराच्या शिक्क्यालाच पुष्कळ ठिकाणी हिशेब समजण्यात आले. वही कचेरीत गेली, शिक्का घेऊन परत आली आणि कपाटात बंद झाली. ज्या भाविकाने फंडपेटीत पैसा टाकला त्याच्या दृष्टीस ती पडलीच नाही.

हाच प्रश्न अफाट प्रमाणावर डिचोलीच्या डोंगरांत उभा राहिला. १९०६ च्या पोर्तुगीज कायद्यानुसार खाणींच्या सवलती बेमुदत दिल्या गेल्या होत्या. मुक्तीनंतर पाव शतक उलटल्यावर, १९८७ साली, संसदेने कायदा करून त्यांचे भाडेपट्ट्यांत रूपांतर केले. या पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपली. परंतु खोदकाम थांबले नाही. चीनकडे निर्यात वाढली आणि ट्रकांच्या रांगांनी रस्ते भरून गेले. श्री लईराई देवीच्या शिरगावातील आटलेल्या विहिरींचे गाऱ्हाणे उच्च न्यायालयापर्यंत पोचले. न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला. त्यात नुकसानीचा अंदाज ३४,९३५ कोटी रुपये धरला होता. त्या आकड्यावर पुढे वाद झाला. मूळ दोषावर मात्र सर्वोच्च न्यायालयाचे बोट पडले. गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर २१ एप्रिल २०१४ रोजी न्यायालयाने २००७ नंतरचे खाणकाम बेकायदेशीर ठरविले, वार्षिक उत्पादनास दोन कोटी टनांची मर्यादा घातली, आणि विक्रीच्या दहा टक्के रक्कम पुढील पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवण्याचा आदेश दिला. सरकारने तरीही ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण केले. ते ७ फेब्रुवारी २०१८ रोजी रद्द झाले.

पाच वर्षे मुदतबाह्य खोदकाम चालले, ते अंधारात नव्हे. परवाने, वाहतुकीचे पास, स्वामित्वशुल्काच्या पावत्या, सारे कागद कोणत्या ना कोणत्या कचेरीत होते. पण ते ज्याच्या विहिरीचे पाणी गेले त्याच्यापुढे उघडले जात नव्हते. गावकरीच्या काळात बांध फुटला तर जोण कमी होई आणि जाब विचारला जाई. खाणीच्या काळात तोटा गावाचा, नफा दुसऱ्याचा आणि वही तिसऱ्याच्या कपाटात, अशी ताटातूट झाली.

उपाय झाले नाहीत असे नाही. माहितीच्या हक्काचा कायदा करणाऱ्या देशातील पहिल्या राज्यांत गोवा होता. १९९७ सालीच तो येथे झाला, आणि २००५ साली सर्व देशासाठी केंद्राचा कायदा आला. २०११ साली लोकायुक्त कायदा झाला. परंतु न्यायमूर्ती प्रफुल्लकुमार मिश्रा सप्टेंबर २०२० मध्ये या पदावरून निवृत्त झाले, तेव्हा आपण पाठविलेल्या एकवीस अहवालांवर सरकारने कारवाई केली नाही, असे त्यांनी उघडपणे सांगितले. पुढच्याच वर्षी त्या कायद्यात दुरुस्ती होऊन लोकायुक्ताचे अधिकार आणखी उणे झाले. वही तपासणारा नेमला, पण त्याने दाखविलेली चूक दुरुस्त करणे सरकारच्या मर्जीवर सोपविले, तर तो रेझिदेंसियाचाच नवा अवतार होय.

या सर्वांतून आम्ही जो बोध घेतो तो साधा आहे. लुबाडणूक रोखण्याचा हक्क तिची झळ सोसणाऱ्याच्या हाती असावा. गावकरीतून उघडी वही घ्यावी, तिचे लहान वर्तुळ मात्र टाकून द्यावे; कूळ, स्त्री, खाणीखालच्या वाड्यावरचा शेतकरी, सर्वांना त्यात स्थान हवे. आणि याचा आरंभ दुसऱ्याच्या दारातून करण्याऐवजी आपल्या सभामंडपातून करावा. मंत्र्यास व मामलेदारास जाब विचारणाऱ्या महाजनांनी वार्षिक जमाखर्च देवळाच्या दारावर, वाचता येईल अशा अक्षरांत लावला, तर त्यांच्या प्रश्नाला वजन येईल. पेडण्याच्या श्री भगवतीपासून मोरजीच्या श्री मोरजाईपर्यंत आणि नार्व्यापासून शिरगावपर्यंत या दोन महालांत देवस्थाने पुष्कळ आहेत. जत्रेच्या दिवशी सारा गाव देवळात लोटतो. त्या दिवशी पालखी निघण्यापूर्वी मंडपात वर्षाचा हिशेब मोठ्याने वाचावा, अशी आमची सर्व महाजनांस नम्र सूचना आहे.