प्रबोधनाचा एक धागा नगरच्या दरबारात

युरोपच्या प्रबोधनकाळाचा मागोवा फ्लॉरेन्सपासून घेण्याचा प्रघात आहे. आपण तो नेवासे तालुक्यातल्या सोनईतून घेऊ, कारण त्या इतिहासाचा एक धागा शेजारच्या नगरमध्ये गुंतलेला आहे. मलिक अहमदने 1494 मध्ये अहमदनगर वसवले, तेव्हा लिओनार्दो दा विंची मिलानमध्ये काम करत होता. मलिक अहमदचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा गादीवर असताना, 1534 मध्ये, गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यास उतरला. सालामांका आणि अल्काला येथे शिकलेला, लिस्बनमध्ये अध्यापन केलेला हा विद्वान पुढे बुऱ्हाणचा वैद्य आणि स्नेही झाला. रोगांची व औषधांची अरबी नावे सुलतानाने त्याला सांगावीत आणि लॅटिन नावे त्याने सुलतानाला शिकवावीत, असा त्यांचा परिपाठ होता.

ओर्ताचा या अनुभवावरचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला गेला. हिंदुस्थानातील वनस्पती व औषधींविषयीचे ते संवाद आहेत. ग्रंथात रुआनो नावाचा पाहुणा जुन्या ग्रंथांचे दाखले देतो आणि ओर्ता स्वतः पाहिलेले सांगतो. मधेच घरची दासी फळे, रोपे आणून समोर ठेवते आणि गॅलन, डायोस्कोरिडीझ या प्राचीन ग्रीक वैद्यांच्या मतांची तिथल्या तिथे पारख होते. ग्रंथप्रामाण्यापुढे प्रत्यक्ष प्रचीती ठेवण्याचे धाडस इथे आपल्याला छापील स्वरूपात दिसते. क्लुसियस या युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञाने 1567 मध्ये अँटवर्पमधून त्याचा लॅटिन संक्षेप काढला आणि दख्खनचे ज्ञान युरोपभर पोचले. ओर्ता 1568 मध्ये वारला. तो छुपा यहुदी होता असे ठरवून इन्क्विझिशन या चर्चच्या धर्मन्यायालयाने 1580 मध्ये त्याच्या अस्थी उकरून जाळल्या.

पुढे प्रबोधनकाळ हाच अभ्यासाचा विषय झाला. याकोब बुर्कहार्टच्या 1860 मधील ग्रंथाने त्याला सांस्कृतिक इतिहासाची चौकट दिली, पण ती चौकट इटलीची होती. ओर्ताचा ग्रंथ फिकाल्योच्या संपादनातून 1890 च्या दशकात पुन्हा उजेडात आला आणि 1913 मध्ये मार्कहॅमने तो इंग्रजीत आणला. नाझी राजवटीमुळे 1933 मध्ये प्रबोधनकाळाचा अभ्यासक आबी वारबुर्ग याचे ग्रंथालय हॅम्बुर्गहून लंडनला हलवावे लागले. 1944 मध्ये ते लंडन विद्यापीठात सामील झाले आणि प्रबोधनकाळाच्या पदव्युत्तर अभ्यासाचे माहेरघर बनले.

इकडे 1949 मध्ये पुणे विद्यापीठ उभे राहिले आणि नगर जिल्ह्यातल्या गावोगावच्या मुलामुलींना उच्च शिक्षणाची वाट जवळ आली. सोनईत इतिहास शिकणारी विद्यार्थिनी आज त्याच वाटेवर उभी आहे. प्रबोधनकाळ तिला परक्यांचा विषय वाटू नये. तिने पोर्तुगीज शिकावी, फारसीची ओळख करून घ्यावी आणि बुऱ्हाणच्या दरबारात दोन ज्ञानपरंपरांची गाठ कशी पडली, याचा प्रबंध लिहावा. मराठी मुलुखातून या इतिहासात घालण्याजोगी भर अजून पुष्कळ आहे, आणि ती घालण्याचा पहिला हक्क नगरच्या लेकरांचा आहे.